दुष्काळात गेलेलं बालपण आणि पन्नाशीनंतरचं शरीर: किती ठरून गेलेलं, किती अजून हातात

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. तुमचा जन्म १९७३ च्या सुरुवातीचा, गाव सोलापूर जिल्ह्यात. तुम्ही पोटात असताना, १९७२ च्या दुष्काळात, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. पहिली दोन-तीन वर्षं घरात सुकडी (दुष्काळात वाटलेला पौष्टिक भुगा) आणि मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, दूध जवळपास नाहीच. आता वय बावन्नच्या पुढे, वजन ५८ किलो, हातपाय बारीक, पण पोट सुटलेलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली, गोळ्या चालू आहेत. जमिनीवर बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. सहा वर्षांनी धाकटा असलेला भाऊ मात्र धडधाकट, आणि थोरल्या बहिणीचे गुडघे तुमच्याहून वाईट. आई म्हणतात, 'माझ्या पोटातच तुझी आबाळ झाली.' तुम्ही विचारता की हे खरं का, आणि खरं असेल तर आता काही करण्यात अर्थ आहे का. शेवटी नातीबद्दलही विचारलंय: ती पूर्ण दिवसांची, पण २.२ किलोची जन्मली, तिला खाऊपिऊ घालून लवकर गुटगुटीत करावं का.

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे, आणि माझे बरेचसे रुग्ण तुमच्याच पिढीचे किंवा तुमच्याहून मोठे आहेत. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोज बसलेला असतो, फक्त तो इतक्या स्पष्टपणे कुणी विचारत नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. 'हे लहानपणामुळे झालं का' या प्रश्नाला एकट्या माणसापुरतं हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. हजारो माणसांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की बालपण आणि म्हातारपण यांचा संबंध दिसतो. पण एका माणसात आनुवंशिकता, नोकरी, खाणं, व्यसन, आजारपण सगळं एकात एक मिसळलेलं असतं. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो: बालपणाने कोणत्या गोष्टी कायमच्या ठरवल्या, आणि कोणत्या अजून बदलता येतात? त्याचं उत्तर बऱ्यापैकी नेमकं देता येतं.

शरीरातले काही भाग ठरावीक काळातच घडतात. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या असतात. त्या गर्भाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार व्हायच्या थांबतात आणि नंतर एकही नवी बनत नाही. कमी वजनाच्या बाळात त्या कमी असण्याची शक्यता जास्त, म्हणून पुढे रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा त्रास व्हायची शक्यताही जास्त. स्नायूंमधल्या तंतूंची संख्या बरीचशी जन्माच्या सुमारासच ठरते, पुढे मुख्यतः त्यांची जाडी वाढते. फुप्फुसांची क्षमता विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढते, हाडांची भर तिशीच्या आसपास पुरी होते. चुलीचा धूर, लहान वयातला वारंवारचा न्यूमोनिया, गोवर, जुलाब, अर्धपोटी वर्षं, या सगळ्यांनी ती क्षमता कुठवर पोचेल हे ठरतं. तुमच्या गावाजवळ त्या दुष्काळातच बांधलेला एखादा पाझर तलाव असेल, तसंच हे आहे. तरुणपणापर्यंत तलाव किती भरला हा एक हिशेब, आणि पुढे दरवर्षी उपसा किती होतो हा दुसरा. पहिला हिशेब तुमच्या हातात नव्हता. दुसरा आजही आहे.

आता पुरावा काय आहे ते सांगतो, कारण या विषयात ऐकीव गोष्टी फार. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून परिचारिका घरोघरी जाऊन बाळाचं जन्मवजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहीत. डेव्हिड बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी त्या वह्या शोधून ती माणसं पुढे कशाने गेली ते पाहिलं. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी होतं, त्या पुरुषांत हृदयविकाराने मृत्यू जास्त. ब्रिटनमध्येच मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या पाच हजारांवर मुलांचा माग आजवर काढला गेला आहे. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांच्या मुठीची ताकद, खुर्चीतून उठण्याचा वेग आणि डोळे मिटून एका पायावर उभं राहणं तपासलं. ज्यांचं बालपण हातावर पोट असलेल्या घरात गेलं होतं, ते या चाचण्यांत सरासरीने मागे होते. आणि ज्यांना या साध्या गोष्टी जमल्या नाहीत, त्यांच्यात पुढच्या तेरा वर्षांत मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. म्हणून जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो ही तुमची तक्रार मी शुगरच्या आकड्याइतकीच गांभीर्याने घेतो.

पण संबंध किती मोठा, हेही बघायला हवं. जन्मवजन आणि ताकद यांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजणी झाली आहे. जन्मवजनात एक किलोचा फरक असेल, तर मोठेपणी मुठीच्या ताकदीत सरासरी ०.८६ किलोचा फरक पडतो, असं त्यात निघालं. आशियाई तज्ज्ञ पुरुषाची मुठीची ताकद २८ किलोच्या खाली गेली की कमी मानतात. म्हणजे धरून चाला की दुष्काळामुळे तुमचं जन्मवजन अर्धा-पाऊण किलोने घटलं. त्याच्या वाट्याला तुमच्या ताकदीतला एक किलोसुद्धा येत नाही. हात टेकून उठावं लागतं याचं मोठं कारण त्यानंतरच्या पन्नास वर्षांत आहे, आणि त्यातही गेल्या दहा-पंधरा वर्षांत. तुम्ही लिहिलंय की चाळिशीपर्यंत पाळीत उभं राहून काम होतं, मग सुपरवायझर झालात आणि बसून काम सुरू झालं. मला तिथे जास्त दोष दिसतो.

शुगरची गोष्ट वेगळी आहे. तिथे आईंच्या म्हणण्याला बराच आधार आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. त्या काळात पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी केली, तेव्हा साखर पचवण्याची त्यांची क्षमता कमी निघाली. त्याच महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राड शहराला पडलेल्या वेढ्यात गर्भात असलेल्यांमध्ये मात्र तसा फरक सापडला नाही. याचा एक अर्थ असा लावतात की हॉलंडमध्ये काही महिन्यांतच पुन्हा भरपूर खायला मिळालं, लेनिनग्राडमध्ये ओढाताण पुढेही चालू राहिली. टंचाईला जुळवून घेतलेल्या शरीराला पुढे सुबत्ता मिळाली की बिघाड जास्त होतो. तुमच्याकडे दुष्काळाच्या आधीही सुबत्ता नव्हती, म्हणून हॉलंडचं गणित जसंच्या तसं लावता येत नाही. पण तरुणपणी शहरात आलात, कँटीनचं जेवण, गोड चहा, बैठं काम, हा टंचाईकडून सुबत्तेकडचा प्रवास तुमच्या शरीरानेही केला आहे.

आपल्याकडचा पुरावा तर पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलोच्या आसपास. वजन कमी, स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. अंगाने बारीक आणि आतून चरबीदार, असं बाळ. तेच बाळ मोठं होऊन तुमच्यासारखं दिसतं: काडीसारखे हातपाय आणि सुटलेलं पोट. २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून '५८ किलो म्हणजे काही लठ्ठ नाही' या बोलण्यावर समाधान मानू नका. वजनकाट्यापेक्षा कमरेचा टेप तुमच्या बाबतीत जास्त खरं बोलतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

आता तुमची बहीण. तुमच्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे दुष्काळात ती चार-पाच वर्षांची होती. तुम्ही म्हणता, ती पोटात असताना काळ बरा होता, मग तिचे हाल जास्त का? कारण बालपण म्हणजे फक्त नऊ महिने नव्हेत. आई कामावर गेल्यावर धाकट्याला कडेवर घेऊन बसणं, नंतर विहिरीवरून हंडे, शाळा सुटणं, सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्याला पहिलं मूल. तिची स्वतःची हाडं अजून भरत होती तेव्हाच दोन बाळंतपणं आणि अंगावर पाजणं झालं. सगळ्यांच्या मागून जेवणं, कायमचं रक्त कमी, आणि तीस वर्षं चुलीपुढे. माझ्याकडे येणाऱ्या तिच्या वयाच्या बायका स्टुलावरून उठताना आधी पुढे सरकतात, दोन्ही तळवे मांड्यांवर दाबतात, क्षणभर थांबतात आणि मग 'आई गं' म्हणत उठतात. त्या सगळा दोष गुडघ्यांना देतात. तपासल्यावर गुडघा झिजलेला असतोच, पण मांडीच्या पुढचा स्नायू त्याहून जास्त वाळलेला असतो. बहिणीला हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यायला सांगा, विशेषतः मनगट किंवा मणका कधी किरकोळ पडण्याने मोडला असेल तर. हिमोग्लोबिन बघा. आणि लहानपणी घसा सुजून, ताप येऊन सांधे धरले होते का, हे विचारा. आता चालताना दम लागत असेल, तर हृदयाची झडप तपासायला हवी. लहानपणच्या त्या तापाने झडप आवळत जाते आणि ते कधीकधी तीस-चाळीस वर्षांनी बाहेर येतं.

तुमच्यासाठी मी काय करेन? तुम्हाला समोर पाहिलेलं नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

पहिलं, मूत्रपिंडासाठी दोन तपासण्या: लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. वर मूत्रपिंडाच्या चाळण्यांचं सांगितलं ते यासाठीच. मुळात भांडवल कमी असलेल्या मूत्रपिंडावर शुगर आणि रक्तदाब दोन्ही आले, तर नुकसान लवकर होतं आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. रक्तदाब घरी मोजायला लागा.

दुसरं, बी-१२ हे जीवनसत्त्व. तुमचं घर माळकरी, म्हणजे मांस-मच्छी नाही, अंडं नाही. त्यात मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू आहे, आणि ते वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ आणखी उतरतं. पायाला मुंग्या येतात असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तो शुगरचा परिणाम समजून सोडून देऊ नका. बी-१२ कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शनने भरून काढता येतं, आणि पायांना जमिनीची जाण नीट असेल तर तोल सावरतो. डोळ्यांचा पडदाही एकदा तपासून घ्या, कारण पुढे जोराचा व्यायाम सांगणार आहे.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: पायांची ताकद. हात न टेकता बसता येईल अशी पक्की खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. हातांची घडी छातीवर घालून पाच वेळा पूर्ण उभे राहा आणि पूर्ण बसा, कुणाला तरी वेळ मोजायला सांगा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पाय कमजोर आहेत असं आशियाई निकष सांगतात. हीच चाचणी तुमचा व्यायामही आहे. जमत नसेल तर खुर्चीवर घडी केलेली गोधडी ठेवून बैठक उंच करा. आठ-दहा वेळा उठा-बसा, दोन मिनिटं दम घ्या, असे दोन-तीन फेरे, एक दिवसाआड. बसताना धपकन बसू नका, हळूहळू खाली या, खरी ताकद तिथे तयार होते. सोपं वाटू लागलं की गोधडी काढा, मग छातीशी दोन किलोची पिठाची पिशवी धरा. शेवटचे दोन-तीन वेळा जड जायला हवेत. सहज होणाऱ्या व्यायामाने स्नायू वाढत नाही. गुडघ्यात हलकं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं किंवा सूज आली तर बैठक पुन्हा उंच करा. छातीत दाटलं, चक्कर आली तर थांबा आणि दाखवा. नुसतं चालणं शुगरसाठी उत्तम आहे, पण चालण्याने हा स्नायू परत येत नाही. रोज सकाळी तासभर फिरूनही हात टेकून उठणारी माणसं मी सतत पाहतो.

चौथं, खाणं. मूत्रपिंड ठीक असेल तर दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं लागतील. भाकरी-आमटी-भातात ती पुरी पडत नाहीत. दोन्ही जेवणांत घट्ट डाळ किंवा मोड आलेल्या मटकी-मुगाची वाटीभर उसळ, एक वाटी दही, सकाळी दूध, मध्ये मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, आठवड्यात काही वेळा सोयाबीन किंवा पनीर. भात आणि गोड चहा कमी करा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी भगर, दही आणि शेंगदाण्याची आमटी घ्या, आणि त्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

या वयात स्नायू खरंच वाढतो का, अशी शंका येईल. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या दहा माणसांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ती माणसं १९०० च्या आसपास जन्मलेली. त्यांच्यापैकी कुणाचं बालपण सुखात गेलं, कुणाचं नाही, हे व्यायामाच्या आड आलं नाही. तुम्ही तर त्यांच्याहून जवळपास चाळीस वर्षांनी लहान आहात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: शुगरकडे झुकणारी शरीराची ठेवण काही अंशी तिथून आली असावी, मूत्रपिंडाला जपायला हवं तेही त्यामुळेच, पण पायांची गेलेली ताकद बहुतांशी नंतरची आहे आणि ती परत मिळवता येते.

नातीबद्दल मात्र मला तुम्हाला थांबवायचं आहे. २.५ किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं बाळ, हे खरं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी किंवा घुटी नाही, मध चाटवणं नाही, बाळ छातीशी उबेत, लसी वेळेवर, आणि लोहाचे थेंब कधी सुरू करायचे ते बालरोगतज्ज्ञ सांगतील. सहा महिन्यांनंतर मऊ भात-डाळ, नाचणीची पेज, भाजी, फळ, थोडं तूप. पहिल्या दोन वर्षांत वजन आणि उंची दोन्ही वाढायलाच हवी. त्या काळातली चांगली वाढ पुढच्या बुद्धीला, उंचीला आणि ताकदीला उपयोगी पडते. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या खेड्यांत १९६९ पासून लहान मुलांना पौष्टिक पेज दिली गेली. तीन वर्षांच्या आत ती मिळालेल्या मुलग्यांची मोठेपणीची तासाची कमाईही जास्त निघाली. पण दिल्लीत जन्मापासून पाहिलेल्या मुलांच्या अभ्यासात दुसरी बाजू दिसली. तिशीच्या आसपास ज्यांना मधुमेह किंवा त्याची सुरुवात झाली, ती मुलं पहिली दोन वर्षं बारीक होती आणि त्यानंतर झपाट्याने जाड होत गेली. त्यातली बहुतेक दिसायला लठ्ठही नव्हती. म्हणून दोन वर्षांनंतर 'अंग धरू दे' म्हणत बिस्किटं, चॉकलेटची पावडर, दुधात साखर असं भरवू नका. तिची उंची तिच्या रेषेवर चालली आहे का आणि ती दिवसभर पळते-खेळते का, हे बघा. गुटगुटीत दिसण्याची घाई नको. आणि मुलीला सांगा की पुढच्या खेपेच्या आधीच हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घे, दिवस गेल्यावर नाही.

आईंच्या वाक्याबद्दल. त्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरच्या माणसांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे ५० लाखांवर गेली. तुमच्या आई त्यांच्यातल्या एक. पोटात मूल असताना उन्हात खडी फोडणं ही त्यांनी केलेली आबाळ नाही, ती मजुरी मिळाली म्हणून तर घरात मिलो आली आणि तुम्ही जगलात. पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, गरोदर बाईला हलकं काम आणि पोटभर जेवण देणारी व्यवस्था तोवर उभी राहिलेली नव्हती. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, कारण तुम्ही 'दुष्काळामुळे' म्हणता तेव्हा त्यांना ते 'तुझ्यामुळे' असं ऐकू येत असणार.

त्या आता पंचाहत्तरीच्या पुढे असतील. त्यांनाही तीच खुर्ची द्या. सुरुवातीला बैठक जास्त उंच, शेजारी कुणीतरी उभं, आणि हाताने आधार घेतला तरी चालेल. त्याआधी मोतीबिंदू आहे का, उठल्या उठल्या रक्तदाब उतरतो का आणि रात्री बाथरूमकडे जाताना दिवा असतो का, एवढं बघून घ्या.